पायजमा घातलेला मासा

मैत्रिणींनो, आमच्या मुळशीत पाण्याला तोटा नाही. ताम्हिणीत पाऊस कोसळतो, धरण भरतं. पण ते सगळं गोडं पाणी! आणि हल्लीच्या मुलांना काचेच्या टाकीत मासे हवेत ते समुद्रातले. तुमच्याकडेही असा तगादा लागला असेल तर चार गोष्टी ऐकून ठेवा.

पहिल्यांदाच ठेवायचा तर 'पायजमा कार्डिनल' बरा. नाव ऐकून हसू नका. तोंड पिवळसर, डोळे लालभडक, कमरेला रुंद काळा पट्टा आणि मागच्या अंगावर तांबडे ठिपके. जणू छिटाचा पायजमाच चढवलाय! लांबी जेमतेम तीन इंच, स्वभाव गरीब. हा पश्चिम प्रशांत महासागरातला. दिवसा पोवळ्यांच्या फांद्यांत गटाने उभा राहतो, रात्री खायला बाहेर पडतो. म्हणून बारीक चिरलेली कोळंबी त्याला तिन्हीसांजेला द्यावी.

खरं काम माशाचं नाही, पाण्याचं. समुद्र आपणच घरी कालवायचा. स्वयंपाकाचं मीठ अजिबात चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठच आणावं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १२० लिटरच्या टाकीला ४ किलो २०० ग्रॅम. पुढे पाणी कमी झालं तर? आमटी आटली की आपण पाणी वाढवतो, मीठ नाही. इथेही तसंच, वरून गोडं पाणीच घालायचं. उडून जातं ते पाणी, मीठ मागे राहतं.

टाकी तयार झाली तरी लगेच मासे सोडू नका. चिमूटभर खाद्य टाकत महिना-दीड महिना ती नुसती चालू ठेवा. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे जीवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. बहुतेकांची घाई इथेच नडते. आणि पावसाळ्यात वीज गेली तर? बॅटरीवरचा हवेचा पंप घरात हवाच.

आता एक गोष्ट बजावून सांगते. चित्रातल्यासारखं जिवंत पोवळं हवं, असं मुलं म्हणतील. ऐकू नका. खडक बांधणारी सगळी पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीत! मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सहलीला गेलात आणि किनाऱ्यावर पोवळ्याचा तुकडा दिसला, तरी तो तिथेच राहू द्या. माशाला हवा असतो आडोसा. तो भाजक्या मातीच्या दगडांचाही चालतो. मासा घेतानाही दुकानदाराला विचारा, समुद्रातून पकडलेला की टाकीत पैदास केलेला? पैदास केलेला मिळाला तर तोच घ्या.

आणि एखाद्या दिवशी एक मासा खाणं सोडेल, जबडा फुगलेला दिसेल. घाबरून औषध ओतू नका. मादीने घातलेली अंडी नर तोंडात सांभाळतो; पिल्लं बाहेर पडेपर्यंत बापाला कडकडीत उपास! त्या दिवसांत टाकीत हात घालू नका, अंधारात एकदम दिवा लावू नका. बिचकला तर अंडी टाकून देतो.

हा उपाशी बाप घरातल्या मंडळींना जरूर दाखवा. त्याच वेळी टाकीचं पाणी बदलण्याचं काम त्यांच्याकडे सोपवून टाका. नाही म्हणायला तोंड उरायचं नाही!