मनाची रोजकीर्द

मोह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी मोठं येतं. नोटांनी भरलेली बॅग किंवा मंत्र्याची खुर्ची. माझ्याकडे मोह आला तो 35 रुपयांच्या पावतीच्या रूपानं.

मी एका कचेरीत हिशेब विभागात कारकून होतो. कामानिमित्त अधूनमधून सोलापूरला जावं लागे. मुक्काम आत्याकडे. तिच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मी समाधानानं झोपत असे. पण बिलाला लॉजची पावती जोडली की खोलीभाडं पदरात पडतं, हे सहकाऱ्यांनी शिकवलं. कोऱ्या पावत्याही तेच आणून देत. पहिल्या वेळी सही करताना हात थरथरला. दुसऱ्या वेळी नुसतंच चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या वेळी काहीच वाटलं नाही. त्याच दिवसांत रविवारच्या उपासनेत शास्त्रवाचन करायला मी उभा राहत होतो, हेही सांगितलं पाहिजे.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात मोहाची वाढ जन्माच्या उपमेनं सांगितली आहे. आधी इच्छा, मग तिच्या पोटी पाप आणि पाप मोठं झालं की मरण. माणूस एका दिवसात बिघडत नाही, असाच त्याचा अर्थ. मरतं ते आधी आतलं काहीतरी. माझ्या बाबतीत हाताची थरथर मेली होती.

ती परत आली माझ्या चौथीतल्या मुलीमुळे. टेबलावरची पावती तिनं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, ‘‘बाबा, आत्याआजीच्या घराला लॉज म्हणतात का?’’ मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. ‘‘अहो, सगळेच करतात. तुम्ही एकट्यानं पैसे भरलेत तर बाकीच्यांची पंचाईत होईल.’’ संत ऑगस्टीनची गोष्ट मी पुढे वाचली तेव्हा हे वाक्य मला आठवलं. वयाच्या सोळाव्या वर्षी, उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या गावी, त्यानं मित्रांबरोबर शेजारच्या बागेतले पेअर चोरले. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळं होती. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात तो स्वतःला खोदखोदून विचारतो आणि कबूल करतो, की एकटा असतो तर मी हे केलं नसतं. सोबत असली की लाज वाटून घेतली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशीच येते.

मी 105 रुपये चलनानं भरले. काही महिने माझ्या टेबलाकडे चहाला कोणी फिरकलं नाही. दौरेही थांबले.

इथं गोष्ट संपली असती तर मी प्रौढ ख्रिस्ती झालो, असं म्हणता आलं असतं. पण आता नवाच मोह आला. मी प्रामाणिक, बाकीचे भ्रष्ट! हे मी बोलत नव्हतो, पण माझ्या चालण्यात ते दिसत असावं. पत्नीनंच एकदा सुनावलं, ‘‘पैसे परत केलेत, आता मोठेपणाही परत करा.’’

येशूची अरण्यातली परीक्षा मला तेव्हा नव्यानं कळली. 40 दिवसांच्या उपवासानंतर सैतान आधी भाकरीचा विषय काढतो. म्हणजे गरजेचा. पुढे तो मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो. ते प्रदर्शन. जगातली राज्यं देऊ करतो, तो झटपट सत्तेचा मार्ग. मत्तय आणि लूक यांनी या परीक्षांचा क्रम वेगळा दिला आहे. लूककडे शिखर शेवटी येतं. गरजेच्या मोहातून सुटलेल्याला बहुधा धार्मिकतेचाच मोह गाठतो. लूक पुढे असंही सुचवतो, की सैतान गेला तो कायमचा नव्हे, योग्य संधी मिळेपर्यंत. प्रत्यक्ष येशूची ही कथा, तर आपल्याला एकदाच जिंकून कसं चालेल?

मूळ ग्रीकमध्ये ‘पेइरास्मोस’ हा एकच शब्द परीक्षा आणि मोह या दोन्ही अर्थांनी येतो. प्रसंग एकच असतो. त्यात घसरलो तर तो मोह, टिकलो तर परीक्षा. येशू तिन्ही वेळा उत्तर देतो ते ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनी. ती त्या घटकेला सुचलेली नव्हती; आधीपासून मनात मुरलेली होती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही प्रौढ कोण, तर सरावानं ज्याला बरंवाईट ओळखता येतं तो, असं सांगितलं आहे. प्रौढपण वयानं येत नाही, सरावानं येतं.

हा सराव कसा करायचा? मी प्रॉटेस्टंट घरातला, पण मला उपाय सापडला तो कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडे. 1548मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘स्पिरिच्युअल एक्सरसाइजेस’मध्ये एक साधी रीत आहे. आपला एकच दोष निवडायचा. सकाळी उठताना निश्चय करायचा. दुपारी आणि रात्री, किती वेळा घसरलो ते आठवून ओळीवर तितके ठिपके काढायचे. आजची ओळ कालच्या ओळीशी ताडून पाहायची. हिशेबनिसाला हे लगेच पटलं. ही तर रोजकीर्द! मात्र ही ठेवायची ती देवासमोर, कृपा मागत. नाहीतर तीही मोठेपणाची वही होते.

एक वही मी अजून ठेवतो. कधी राग, कधी दुसऱ्याची निंदा, हल्ली रात्री उशिरापर्यंत हातात राहणारा मोबाइल. ठिपके शून्यावर आलेले नाहीत. पण कचेरीत जशी चूक त्याच दिवशी सापडली तर दुरुस्त होते आणि वर्षअखेरीस सापडली तर घाम फोडते, तसंच इथं आहे.

वर्षभरानं मला पुन्हा सोलापूरला पाठवलं. बिलात मी लिहिलं, ‘मुक्काम : आत्याकडे. खर्च : काही नाही.’ सही करताना हात थरथरला नाही. मला मात्र तो क्षणभर तपासून पाहावासा वाटला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)