वेडी बाभूळ आणि ट्रॅक्टरचे पाते

ग्वाल्हेरच्या उत्तरेस चंबळेच्या बाजूने जाऊ लागले की पडीक रानांत वेड्या बाभळीचे दाट जाळे दिसते. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. बेहडांतील मातीची धूप थांबावी म्हणून १९८० च्या दशकात तिचे बी तेथे विमानांतूनही टाकण्यात आले. धूप किती थांबली हा वादाचा विषय आहे. बाभूळ मात्र बांध ओलांडून शेतांत आली, याविषयी शेतकऱ्यांत मतभेद नाही.

कुऱ्हाडीने हे रान हटविणे वेळखाऊ असते, म्हणून ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाचे झुडपे कापण्याचे यंत्र वापरतात. लोखंडी कवचाखाली जड पाती आडवी फिरतात. ती टोकाशी सैल बसविलेली असतात, त्यामुळे दगड लागताच मागे वळतात.

यंत्र सपाट जागी ठेवून आधी खालचे दोन बाहू, मग वरचा दुवा जोडावा आणि पिना नीट अडकवाव्यात. येथवर अवघड काही नाही. खरी परीक्षा असते ती ट्रॅक्टरची शक्ती पात्यांकडे नेणाऱ्या शाफ्टाची. तो एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो. लांब राहिला तर यंत्र वरखाली होताना नळ्या टोकास टेकतात आणि धक्का गिअरपेटीला बसतो. आखूड पडला तर काम चालू असतानाच दोन्ही भाग सुटतात. यासाठी यंत्र सावकाश वरखाली करून जेथे अंतर सर्वांत कमी भरते तेथे माप घ्यावे, आणि कामाच्या स्थितीत नळ्या किमान एकतृतीयांश लांबीइतक्या एकमेकींत राहतील हे पाहावे. शाफ्टावरील प्लॅस्टिकचे आवरण अडचणीचे वाटून काढून टाकण्याची खोड अनेकांना असते. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या त्या दांड्यात गमछ्याचे टोक सापडले, तर माणसाला हात सोडविण्यास अवधी मिळत नाही.

रानात शिरण्यापूर्वी ते एकवार पायी फिरून पाहावे. तारा, दगड, पडक्या विहिरी गवताखाली लपलेल्या असतात. बेहडाच्या कडेची माती पाण्याने आतून पोखरलेली असते. तेथे ट्रॅक्टर नेऊच नये. चाकावरच्या पत्र्यावर सोबती बसविणे हा सौजन्याचा नव्हे, अविचाराचा प्रकार होय. शक्ती तोडल्यावरही पाती काही वेळ फिरत राहतात. इंजिन बंद करून, पाती थांबल्यावर आणि यंत्राखाली ठोकळे दिल्यावरच खाली हात घालावा.

एवढे करूनही बाभूळ मरत नाही, हे विकणारा सहसा सांगत नाही. तिचे कोंब जमिनीखालच्या बुडख्यातून फुटतात, म्हणून एका खोडाच्या जागी पुढच्या पावसाळ्यात अनेक फांद्या दिसतात. मध्य भारतातील काँस गवताचाही अनुभव असाच होता: ते उखडण्यासाठीच्या यंत्रांकरिता १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारतास १ कोटी डॉलर कर्ज दिले, आणि तेथेही उपाय नुसती कापणी नव्हती, खोल नांगरटीने मुळे उन्हात आणावी लागली. बाभळीचे कापलेले खुंटही तसेच ठेवू नयेत. ते टायरमध्ये घुसतात. म्हणून पाठोपाठ माणसे लावून बुडखे खणून काढावेत. आणि कापणी शेंगा पिकण्यापूर्वी आटोपावी. गुरे त्या गोड शेंगा आवडीने खातात, आणि न पचलेले बी शेणाबरोबर साफ केलेल्या शेतातच पडते.