एक सडा, किती नोंदी?

रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेट्टीवरून वर पाहिलं की रत्नदुर्ग दिसतो. किल्ल्याच्याच एका टेकडीवर दीपगृह आहे, खाली मासेमारी बंदर, आणि शहराच्या दुसऱ्या अंगाला थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा तिथे १९१० मध्ये राहायला गेला. हे सगळं एका दुपारी पाहून होतं. कागद शोधायचे तर मात्र दीपगृहाचे केंद्राच्या खात्याकडे, बंदराचे मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि राजवाड्याचे राज्य पुरातत्त्व खात्याकडे. एका शहराच्या वारशाची एकत्र नोंद हवी, हे कळायला एवढं पुरे.

अशा नोंदीची खरी निकड आहे ती सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारांवर. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पं शोधली. आज त्यांची संख्या दीड हजाराच्या पुढे सांगितली जाते. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं गेली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात रत्नागिरी जिल्ह्यातली. आठवं सिंधुदुर्गातलं कुडोपी, नववं गोव्यातलं. म्हणजे दोन राज्यं, दोन पुरातत्त्व खाती आणि वारसा एकच.

या नोंदीसाठी संगणक घेण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: नोंद कशाची करायची? कशेळीला हत्तीची एक भली थोरली आकृती आहे, सुमारे १८ मीटर लांब, आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या. ही एक नोंद की अनेक? एकाने सडा मोजला आणि दुसऱ्याने आकृती मोजली, तर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. म्हणून सड्याला एक क्रमांक, त्याखाली प्रत्येक आकृतीला उपक्रमांक, आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कधी बदलायचा नाही. देवाचे गोठणे इथे शिल्पावर ठेवलेलं होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. अशी निरीक्षणं लिहायलाही नोंदपत्रकात जागा हवी. नुसत्या लांबी-रुंदीच्या रकान्यांत ती मावत नाहीत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा रकाना गट नंबरचा. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत आणि त्यांना मोठा धोका चिरेखाणींचा. पुरातत्त्वाची नोंद अक्षांश-रेखांशांत बोलते, तहसील कचेरी सातबाऱ्यावर चालते. दोघांत गट नंबरचा दुवा नसेल तर शिल्पाचा उत्तम फोटो कुठेतरी जपलेला असेल आणि त्याच जागेवर चिरे कापले जात असतील.

ठिकाण सगळ्यांना दाखवायचं का, हा दुसरा कठीण प्रश्न. त्याचं उत्तर मिरकरवाड्यात चांगलं कळतं. जाळं जिथे अडकतं, फाटतं, त्या जागा होड्यांचे तांडेल जीपीएसवर खूण करून ठेवतात. बहुतेक ठिकाणी खडकच असणार, पण एखाद्या जागी जुना नांगर किंवा गलबताचा सांगाडाही असू शकतो. समुद्रतळाच्या वारशाची नोंद करायची तर या खुणांइतकी मोलाची माहिती दुसरी नाही. पण या खुणांवरून त्याच्या मासळीच्या जागाही कळतात, आणि त्या जागा हीच तांडेलाची रोजीरोटी. त्या तो सगळ्या जगासमोर का ठेवील? म्हणून माहिती देणाऱ्याचं नाव, त्याने घातलेली अट आणि ती जागा कोणाला किती दिसावी, हे नोंदीतच लिहिलेलं हवं. राखण नसलेल्या सड्यालाही हाच नियम लावावा: गावाचं नाव सर्वांना, नेमका बिंदू फक्त जबाबदार माणसांना.

तंत्र नवीन शोधायचं नाही. राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियानाने २००७ पासून १२ लाखांहून अधिक पुरावस्तू आणि ११ हजारांहून अधिक वास्तू व स्थळं नोंदवली आहेत. संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही प्रणाली केली. गेटी संवर्धन संस्था आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांची ‘आर्चेस’ ही मुक्त प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते. तिची मुळं जॉर्डनमधल्या पुरास्थळांच्या नोंदणीत आहेत आणि लंडनची वारसा नोंदही आता तिच्यावर चालते. इंग्लंडकडून घ्यायची ती कामाची पद्धत. बांधकामाला परवानगी देताना तिथली स्थानिक प्रशासनं आपल्या भागाची वारसा नोंद विचारात घेतात. नोंद अभ्यासकांपुरती राहत नाही, रोजच्या कारभारात उतरते.

रत्नागिरीत सुरुवात लहान करता येईल. युनेस्कोच्या संभाव्य यादीतली सात ठिकाणं, त्यांचे गट नंबर, आणि ती माहिती हाताळणारा पगारी माणूस. हे काम वर्षानुवर्षं हौशी माणसांच्या पदरखर्चावर ढकलणं अन्यायाचं आहे. आणि जिल्हा प्रशासनाने एक आदेश काढावा: चिरेखाणीची कोणतीही फाईल मंजूर होण्याआधी तिचा गट नंबर या नोंदीशी ताडून पाहिलाच पाहिजे.