सायकलला वेगळा रस्ता कशासाठी?

शहरात मुलांना सायकलवरून शाळेत का पाठवत नाही, असे पालकांना विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : रस्त्याची भीती वाटते. ही भीती कितपत खरी आहे, हे नववीच्या विज्ञानातल्या एका नियमाने तपासता येते.

समजा, मुलगा व सायकल यांचे मिळून वस्तुमान ७५ किलोग्रॅम आणि वेग ताशी १६ किलोमीटर आहे. मागून १,२०० किलोग्रॅमची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येऊन आदळली. आदळल्यावर क्षणभर दोघे एकत्रच पुढे जातात असे धरू. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने त्यांचा वेग ताशी ४८ किलोमीटर येतो. (हे गणित मुलांनाच फळ्यावर करू द्यावे.) मोटारीचा वेग फक्त २ ने घटला, मुलाचा मात्र ३२ ने वाढला, तोही निमिषार्धात. इजा होते ती या अचानक बदलामुळे. चूक कोणाचीही असो, वाटणी हीच.

मोटारीचा वेग ताशी ३० असता तर? मग मुलाच्या वेगातला बदल सुमारे १३ वर येतो. म्हणून गल्लीबोळांत वेगळ्या मार्गाची गरज नसते. वाहनांचा वेग आवरला की पुरे. मोठ्या रस्त्यांवर वेग इतका खाली आणणे अवघड, तेथे दोघांना वेगळे करणे भाग आहे. नुसता पांढरा पट्टा ओढून ना वस्तुमान बदलते ना वेग. उंच कठडा किंवा झाडांची रांग तरी मध्ये हवी.

खरी कसोटी चौकात लागते. तेथे कठडा संपतो आणि डावीकडे वळणारी मोटार सरळ जाणाऱ्या सायकलला आडवी येते. नेदरलँड्समध्ये अशा ठिकाणी कोपऱ्यावर छोटे बेट बांधतात. त्यामुळे मोटारीला हळू वळावे लागते आणि सायकलस्वार चालकाला समोर दिसतो. (तेथे वाहने उजवीकडून चालतात, एवढा फरक.)

त्या देशातही हे आपोआप घडले नाही. १९७१ साली तेथे रस्त्यांवर ३,०००हून अधिक माणसे मेली; त्यांत ४००हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. सत्तरच्या दशकात टिलबर्ग आणि हेग येथे प्रत्येकी एक देखणा सायकलमार्ग बांधला गेला, पण एकट्या मार्गाने शहरातील सायकलींचा वापर फारसा वाढला नाही. ऐंशीच्या दशकात डेल्फ्टने तुटक दुवे जोडून शहरभर जाळे विणले, तेव्हा तो वाढला. मला हा अनुभव सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे नेमके उलटे होते. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात सायकलमार्ग आहेत. पण कुठे खांब, कुठे हातगाडी, कुठे उभ्या केलेल्या दुचाकी, आणि मग मार्ग अचानक संपतो. मुलाला तिथेच भर रहदारीत उतरावे लागते.

आपल्या शाळेजवळ असा मार्ग असल्यास एक प्रयोग करता येईल. सायकलच्या चाकाचा परीघ दोऱ्याने मोजा, एका आरीला रंगीत चिंधी बांधा आणि सायकल हातात धरून चालत चाकाचे फेरे मोजा. पाच-सहा मुलांचा गट आणि सोबत एक शिक्षक असावा. प्रत्येक अडथळ्यापाशी अंतर व कारण लिहा. सलग मोकळा असा सर्वांत लांब तुकडा किती मीटरचा निघतो, ते पाहा. ही नोंद नकाशावर उतरवली की वॉर्ड कार्यालयात नेता येईल असा कागद तयार होतो.