कमी वापराच्या ब्राउझरला स्पायवेअरपासून संरक्षण

वापरणाऱ्याच्या नकळत संगणकात शिरून त्याचे पासवर्ड, बँकेचे तपशील आणि इंटरनेटवरील वावर यांची माहिती बाहेर पाठवणारे सॉफ्टवेअर म्हणजे स्पायवेअर. त्याला अडवणारी साधने मुख्यतः दोन प्रकारे काम करतात. काही साधने संगणकात उतरणारी प्रत्येक फाइल तपासतात. ती कोणत्या ब्राउझरमधून आली, याने त्यांना फरक पडत नाही. काही साधने मात्र ब्राउझरच्या सेटिंगमध्ये घातक साइटची यादी भरून ठेवतात. कमी वापराचा ब्राउझर उघडा पडतो तो या दुसऱ्या प्रकारात.

स्पायवेअरब्लास्टर हे या प्रकारचे जुने साधन. इंटरनेट एक्सप्लोररसाठी ते विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदी करून घातक ॲक्टिव्हएक्स घटक बंद करत असे. त्यामुळे एक्सप्लोररचेच इंजिन वापरणाऱ्या मॅक्सथॉनसारख्या ब्राउझरनाही संरक्षण मिळे. फायरफॉक्स आणि त्यापासून निघालेले ब्राउझर, म्हणजे मोझिला कुळ, यांत तसे होत नाही. तिथे कोणत्या साइटला कुकी ठेवू द्यायची, अशा परवानग्या प्रत्येक ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात. विंडोजमध्ये फायरफॉक्सचे प्रोफाइल ‘मोझिला’ नावाच्या फोल्डरखाली असते, तर फायरफॉक्सपासून निघालेल्या पेल मूनचे ‘मूनचाइल्ड प्रॉडक्शन्स’खाली. फक्त पहिली जागा पाहणाऱ्या साधनाला पेल मून दिसतच नाही. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या पोर्टेबल ब्राउझरचेही तेच.

म्हणून साधन आपल्या ब्राउझरला नावानिशी ओळखते का, हे आधी पाहावे. ओळखत असेल, तर ब्राउझर बंद करून संरक्षण चालू करावे. एका ब्राउझरची परवानग्यांची फाइल उचलून दुसऱ्यात टाकू नये. आवृत्तीनुसार तिची रचना बदलते. मालवेअरबाइट्ससारख्या काही साधनांत ब्राउझरची एक्सई फाइल दाखवून त्याला संरक्षित प्रोग्रॅमच्या यादीत स्वतः जोडता येते.

काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणीतील मजकूर तपासण्यासाठी स्वतःचे प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवतात. मोझिला कुळातील ब्राउझर प्रमाणपत्रांचा स्वतंत्र साठा ठेवतात. त्यामुळे एकाएकी प्रत्येक साइटवर प्रमाणपत्राची चूक दिसू लागली, तर त्याचे एक कारण हे असू शकते. अशा वेळी इशारा डावलून पुढे जाणे धोक्याचे. अँटिव्हायरसच्या सेटिंगमधून ही तपासणी त्या ब्राउझरपुरती बंद करावी किंवा प्रमाणपत्र रीतसर जोडून घ्यावे.

साधन ब्राउझरला ओळखतच नसेल, तर संरक्षण ब्राउझरच्या बाहेर उभारावे. विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये घातक साइटच्या नावाआधी 127.0.0.1 हा पत्ता लिहिलेला असला, की ब्राउझर त्या साइटपर्यंत पोचत नाही. स्पायबॉट हे साधन अशा नोंदी स्वतः करते. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवाही बदलता येते. क्वाड9ची 9.9.9.9 ही सेवा राउटरवर लावली, तर ती ज्ञात घातक साइटचा पत्ता देत नाही. मात्र ब्राउझरमध्ये वेगळी डीएनएस सेवा निवडलेली असेल, तर राउटरवरील ही व्यवस्था वगळली जाते.

शेवटी चाचणी घ्यावी. आयकार ही 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल त्याच ब्राउझरमधून उतरवून पाहावी. अँटिव्हायरसने ती अडवली, तर फाइल-तपासणी चालू आहे असे समजावे. साइटची यादी लागू झाली का, हे तिच्यावरून कळत नाही.

यातले काहीही ब्राउझरमधील त्रुटी बुजवत नाही. ज्या ब्राउझरला सुरक्षा अपडेट मिळणे थांबले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करूच नयेत.