नासपतीची बी आणि मेहरूणचे बोर

बाजारातली नासपती कापली की मध्यभागी काळपट तपकिरी रंगाच्या काही बिया निघतात. वसतिगृहातील विद्यार्थी त्या सहसा फेकून देत नाहीत. कागदाच्या पुडीत जपून ठेवतात आणि पाऊस पडला की कुंपणाच्या कडेला पुरतात. मग प्रश्न येतो : हे झाड आपल्याकडे येईल का? पालक थोडा निराळा प्रश्न विचारतात : केशर आंब्याची कोय लावली तर केशरच येईल ना? दोन्ही प्रश्न साधे वाटले तरी त्यांच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला बाग आलेली नाही. घरामागची दहा-बारा फूट जागा, फार तर शेताचा एक तुकडा आला आहे. तेथे एकच झाड मावणार असेल आणि ते निवडताना चूक झाली, तर ती कळायला सात-आठ वर्षे जातात. म्हणून बी म्हणजे काय, ती कशी जपावी आणि खानदेशात कोणती लावावी, याचा विचार येथे केला आहे.

नासपती भारतात कशी आली?

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू ह्युएन त्संग याने आपल्या प्रवासवर्णनात नासपतीची हकिकत नोंदवली आहे. पंजाबातील चीनभुक्ती या प्रदेशाविषयी तो लिहितो, की सम्राट कनिष्काच्या काळी चीनच्या बाजूने आलेले ओलीस राजपुत्र हिवाळ्यात तेथे राहत असत. त्या भागात पूर्वी पीच आणि नासपती ही फळे नव्हती. ती या पाहुण्यांनी लावली. म्हणून पीचला ‘चीनानी’ आणि नासपतीला ‘चीनराजपुत्र’ अशी नावे पडली. याच प्रवाशाने पुढे पुलकेशी दुसरा याच्या काळातील महाराष्ट्राचेही वर्णन केले. पूर्वेकडील डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य विहाराची माहिती त्याने दिली आहे, तो अजिंठ्याचा असावा असे अभ्यासक मानतात.

या नोंदीतून दोन गोष्टी समजतात. फळझाडे माणसाबरोबर प्रवास करतात, ही पहिली. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांना व जनावरांना उपयोगी औषधी वनस्पती, कंदमुळे आणि फळे जेथे नव्हती तेथे आणून लावल्याचे सांगितले आहे. तेही याच परंपरेतले कार्य होय. दुसरी गोष्ट अशी, की नासपती रुजली ती थंड हिवाळ्याच्या पंजाबात.

खानदेशात नासपती का फळत नाही?

नासपती हे पानगळीचे झाड आहे. हिवाळ्यात त्याचे डोळे, म्हणजे कळ्या, झोपी जातात. ही झोप उघडण्यासाठी त्यांना ठरावीक थंडी मिळावी लागते. बहुतेक जातींना साधारण सात अंश सेल्सिअसच्या खालचे शेकडो तास लागतात. पंजाबातील पथरनखसारख्या काही जातींचे कमी थंडीवर भागते. पण थोडी का होईना, ती लागतेच. धुळ्याची थंडी प्रसिद्ध आहे, पौषातील काही पहाटे तेथे कडाक्याच्या असतात. तथापि त्याच दिवशी दुपारी ऊन तापते आणि साठलेल्या थंडीचा परिणाम पुसून टाकते. थंडी पुरी न पडल्यास झाडाला पाने अनियमित फुटतात आणि फूल जवळजवळ लागत नाही. पुढे उन्हाळ्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तो निराळाच.

बीसुद्धा अशीच झोपलेली असते. ती ओलसर वाळूत मिसळून, डबीत घालून दोन ते तीन महिने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली, तर तिला हिवाळा झाल्याचा भास होतो आणि मग ती उगवते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. झाडाला ऋतू कसे कळतात, हे त्यातून डोळ्यांनी दिसते. मात्र फळाच्या आशेने घरामागची एकमेव जागा नासपतीला देऊ नये.

बी म्हणजे नक्कल नव्हे

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळू. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला आंबेचोराचा दाखला देतात. चोर म्हणतो, या माणसाने जमिनीत लावलेले आंबे मी घेतलेच नाहीत. मी घेतलेले आंबे वेगळे आहेत. तरीही तो दोषी ठरतो, कारण नंतरचे आंबे आधीच्या आंब्यावाचून आलेच नसते. नागसेनांचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा होता, परंतु फळझाडालाही तो तंतोतंत लागू पडतो. कोयीतून आलेले झाड म्हणजे जुने झाड नव्हे. आणि त्याच्याशी संबंध नसलेले झाडही नव्हे.

कारण सोपे आहे. बीमध्ये आईचा अंश असतो, तसा परागकण देणाऱ्या दुसऱ्या झाडाचाही असतो. म्हणून केशरच्या कोयीतून आंबा येतो, पण केशर येईलच असे नाही. तोच केशर हवा असेल तर त्याच झाडाची काडी घेऊन कलम करावे लागते. काही फळे याला अपवाद आहेत. कागदी लिंबाच्या एका बीत अनेकदा एकाहून अधिक रोपे असतात आणि त्यांतील बहुतेक केवळ आईच्या पेशींतून तयार झालेली असतात. त्यामुळे बियांपासूनचे लिंबू बहुधा आईसारखेच निघते. जांभूळ आणि सीताफळ हीदेखील बियांपासून बऱ्यापैकी मूळ झाडासारखी येतात.

मग नक्कलच का करू नये? याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या केळीबागांत आहे. आज लागवडीत असलेली ग्रँड नैन केळी बियांतून येत नाही. ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपाने एकाच झाडाच्या लाखो प्रती शेतात उभ्या राहतात. घड सारखे येतात, बाजारभाव मिळतो. पण एका झाडाला जो रोग मारू शकतो, तो सर्वांना मारू शकतो. मध्य अमेरिकेत ग्रोस मिशेल नावाची केळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर निर्यात होत असे. पनामा रोगाने तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि व्यापाऱ्यांना कॅव्हेंडिश गटाच्या केळीकडे वळावे लागले. ग्रँड नैन ही त्याच गटातील. बियांतून आलेल्या झाडांत मात्र प्रत्येक झाड थोडे निराळे असते. एखादे रोगाला बळी पडते, शेजारचे तग धरते. कलमाने चव टिकते आणि बीने विविधता टिकते. समाजाला दोन्हींची गरज आहे.

घरामागे लावावे असे झाड : बोर

जळगाव शहरातील मेहरूण तलावाचा परिसर बोरांसाठी नावाजलेला. ‘मेहरूण’ ही बोराची जातच या जागेच्या नावाने ओळखली जाते. शहर वाढले, तशा तेथील बोरी कमी झाल्या; पण जात अजून आहे आणि ती आपल्या मातीची आहे. बोरीला उन्हाळ्याचे भय नाही. कडक उन्हाळ्यात ती पाने गाळून विश्रांती घेते, तिचे मूळ खोल जाते आणि पाऊस पडताच नवी फूट येते. त्याच नव्या फुटीवर फुले लागतात व हिवाळ्यात फळ हाती येते.

मेहरूणचे बोर घरी आणायचे असेल तर बी आणि कलम दोन्हींचा मेळ घालावा लागतो. पद्धत अशी :

१. पिकलेल्या गावठी बोरांच्या आठळ्या धुऊन सावलीत वाळवाव्यात. मिठाच्या दाट पाण्यात टाकून ज्या तळाशी बसतील त्याच घ्याव्यात आणि स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवाव्यात.

२. आठळी हलक्या हाताने फोडून आतला दाणा काढून पेरल्यास तो आठ-दहा दिवसांत उगवतो. अख्खी आठळी उगवायला तीन-चार आठवडे लागतात.

३. शक्यतो झाडाच्या कायमच्या जागी, खड्ड्यात शेणखत व माती भरून, तीन-चार बिया लावाव्यात. बोरीचे सोटमूळ खोल जाते. ते उपटून दुसरीकडे नेल्यास दुखावते.

४. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की पावसाळ्यात त्यावर मेहरूणच्या झाडाचा डोळा भरावा. हे काम जवळच्या रोपवाटिकेतील माळी काही मिनिटांत करून दाखवतो. डोळ्याच्या खाली फुटणारी गावठी फूट वेळोवेळी काढून टाकावी.

मुळे गावठी, म्हणून चिवट; फळ मेहरूणचे, म्हणून गोड. अशी बोर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळू लागते.

गावरान आंबा वाचवणे

बोरीपेक्षा आंब्याचा प्रश्न अधिक तातडीचा आहे. खानदेशच्या बांधाबांधावर, नाल्याकाठी कोयीतून आलेले जुने आंबे उभे होते. गोटी, शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या अशी लोकांनी दिलेली त्यांची नावे होती, कारण प्रत्येक झाडाची चव वेगळी होती. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातील धडगाव परिसरात, आदिवासी कुटुंबे अशाच गावरान कैऱ्या चिरून, वाळवून आमचूर करतात. त्यांच्या वर्षाच्या मिळकतीतला तो एक आधार आहे. ही झाडे लाकडासाठी, रस्त्यासाठी, विहिरीसाठी तोडली जातात. केशर तुटला तर दुसरा विकत मिळतो. गावचा शेप्या आंबा जगात एकच असतो. तो तुटला की ती चव कायमची गेली.

ती वाचवण्याचा घरगुती उपाय म्हणजे कोय कलम. जूनमध्ये गावरान आंब्याच्या कोया पिशव्यांत लावाव्यात. रोप पंधरा दिवसांचे, पाने तांबूस असतानाच, वरून छाटून खोडाला उभी चीर द्यावी. जुन्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवावी व प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. सर्व कलमे जगत नाहीत. म्हणून एका झाडासाठी किमान दहा कोया लावाव्यात.

बिया जपण्याचा नियम

सर्व बिया सारख्या जपता येत नाहीत. आंबा, जांभूळ व फणस यांच्या बिया ओल्या असतानाच जिवंत असतात. वाळल्या की मरतात. त्या फळ खाल्ल्यावर शक्य तितक्या लवकर लावाव्यात. कागदी लिंबाची बीही ताजीच पेरावी. बोर, चिंच, सीताफळ, पपई यांच्या बिया मात्र धुऊन, सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहतात. पपईच्या बीवरील बुळबुळीत आवरण राखेने चोळून काढावे. सीताफळाची बी पेरण्यापूर्वी एक दिवस पाण्यात भिजवावी आणि उगवायला महिनाभर लागला तरी धीर सोडू नये.

बाटलीवर चिठ्ठी लावावी. फळ कोणते, गाव कोणते, झाड कोणाच्या बांधावरचे, बी कधी काढली, एवढे लिहिले तरी पुरे. इतिहासाच्या अभ्यासात नोंद नसलेल्या गोष्टी सर्वांत आधी विस्मरणात जातात आणि गावच्या झाडांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज अनेक गावांत व शहरांत विखुरले आहेत. प्रत्येकाने यंदाच्या मे महिन्यात गावी गेल्यावर तेथील एका जुन्या आंब्याचे नाव, त्याची चव आणि जागा आजी-आजोबांना विचारून वहीत लिहावी, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी त्याच्या दहा कोया मातीत घालाव्यात. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांनी त्या पिशव्यांत वाढवून विद्यालयाच्या आवारासाठी आणून द्याव्यात.