रोहिणीचे पाणी, चवदार तळे आणि आपल्या गावातला बोअर

वर्षावास सुरू झाला की नांदेड-लातूरच्या अनेक विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. पहिल्या काही दिवसांतच रोहिणी नदीचा प्रसंग येतो. परंपरेने सांगितले जाते की म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले. बाबासाहेबांना हे कारण पटले नाही. त्यांनी मांडलेले कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील पाणीवाटपाच्या भांडणाचे आहे. सेनापतीला युद्ध हवे होते. सिद्धार्थाचे म्हणणे होते की दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून वाद मिटवावा. संघाने ते फेटाळले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

निसर्गाशी माणसाचे नाते कसे असावे, या प्रश्नाची चर्चा साधारणपणे दोन टोकांवर होते. निसर्ग माणसाच्या उपयोगासाठी आहे, हे एक टोक. माणसाला उपयोग असो वा नसो, नदीला, झाडाला, किड्याला स्वतःचे मोल आहे, हे दुसरे. समाजशास्त्र शिकताना आम्हीही यावर पानेच्या पाने लिहिली. मराठवाड्यात काम करू लागल्यावर तिसरा प्रश्न सतत समोर येत राहिला: निसर्गावर हक्क 'माणसाचा' म्हणतो तेव्हा नेमका कोणत्या माणसाचा?

बुद्धाच्या विचारात हे प्रश्न वेगळे पडत नाहीत. विनयात भिक्खूच्या मोजक्या वस्तूंमध्ये पाणी गाळायचे गाळणे आहे. ते केवळ आरोग्यासाठी नाही, पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून आहे. जीव असल्याचे माहीत असूनही ते पाणी मातीवर ओतणे हा दोष मानला आहे. पाण्यात थुंकू नये, लघवी करू नये, असाही नियम आहे. ज्या वर्षावासात आपण ग्रंथ वाचतो, तोही पावसाळ्यात भिक्खूंच्या पायाखाली कोवळे गवत आणि जीवजंतू चिरडतात अशी लोकांनी तक्रार केल्यावर सुरू झाला. इथे नदीला देवी केलेले नाही. देवी केल्याने नदीचे काय होते, ते नांदेडच्या घाटाजवळ गोदावरीत मिसळणारे सांडपाणी पाहिले की कळते. नदीची पूजा करायला सांगितलेली नाही. वागावे कसे, ते सांगितले आहे.

आता लातूरकडे येऊ. मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी, प्रवास जवळपास ३४० किलोमीटरचा. ही बातमी देशभर गाजली आणि सगळ्यांनी पावसाला दोष दिला. पाऊस खरोखरच कमी झाला होता. पण लातूरचा सरासरी पाऊस सुमारे ८०० मिलिमीटर आणि ऊसाला पाणी लागते त्याच्या दुपटीहून जास्त. वरून न आलेले उरलेले पाणी धरणातून किंवा जमिनीखालूनच येते. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजरा धरण भरले आणि शिवारात ऊसही परत आला.

शेतकऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, आम्हाला ते मान्य नाही. ऊसाला ठरलेला भाव आहे, न्यायला कारखाना आहे. तुरीला आणि सोयाबीनला तशी हमी नाही. कर्ज काढून बोअर घेणारा आणि कोरडा दगड हाती लागलेला अल्पभूधारक आपल्या वस्तीतही सापडतो.

पण बोअरचे गणित समजून घेतले पाहिजे. आपल्याकडचा खडक बेसाल्ट आहे, म्हणजे काळा पाषाण. त्यात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते, आणि त्या भेगा शेताचा बांध ओळखत नाहीत. एकाने खोल बोअर घेतला की शेजारची विहीर बसते. कायदा मात्र बांध ओळखतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला जोडलेला आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला त्या पाण्यावर हक्कच नाही. आणि मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे या वाचकांना सांगायला नको.

इथे महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यानंतरचा खटला कमी लोक लक्षात ठेवतात. विरोधकांनी न्यायालयात दावा केला की तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे. त्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने दिला. म्हणजे लढाई पाण्याला हात लावण्याइतकीच पाणी सर्वांचे की कुणाचे याचीही होती. ती तळ्यापुरती जिंकली. दरम्यान पाणीच तळ्यातून, आडातून निघून दोनशे मीटर खाली गेले आणि पुन्हा खासगी झाले. तिथे कुणी 'शिवू नका' म्हणत नाही, म्हणायची गरजच पडत नाही.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या कोणत्या गावात उभ्या असतात आणि किती फुटांचा आकडा लोक अभिमानाने सांगतात, ते पाहावे.

मात्र भांडण सिद्धार्थाच्या पद्धतीने मिटू शकते, याचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. त्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहतील, दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल आणि देखरेखीला तीन सदस्यांची समिती असेल. निकालावर इकडे नाराजी आहे, तिकडेही आहे. पण तारखा ठरल्या आहेत, मोजमाप ठरले आहे.

दोन राज्यांत जे झाले ते एका गावातल्या दोन गल्ल्यांत होत नाही. टंचाई जाहीर झाली की तहसील कार्यालय खासगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करते, मालकाला त्याचे पैसे मिळतात आणि ते पाणी गावाला दिले जाते. म्हणजे सगळ्या शिवाराखालचे पाणी गाव सरकारी पैशाने एका सातबाऱ्याकडून विकत घेते. आम्ही वस्तीतल्या बैठकांत सांगतो की ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा: गावात सार्वजनिक बोअर किती आणि चालू किती, अधिग्रहण कुणाकुणाचे झाले, आणि टँकर वस्तीत कितव्या क्रमांकाला येतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रामसेवकाच्या दप्तरात असतात. तिसऱ्याचे उत्तर वस्तीतल्या बायकांनी घड्याळ पाहून, वहीत तारीखवार लिहून काढावे लागते. ते काम या उन्हाळ्याच्या आधीच सुरू करायचे आहे.